ओठावर सारखा ताप मुतत असेल तर : खाणं, लायसिन आणि आर्जिनिन, नव्याने शोधणाऱ्यांसाठी

माझं गाव सोलापूर. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे आमच्याकडे जेवण नव्हे, रक्तगट आहे. त्यामुळे "तुझ्या ओठावरच्या फोडांचं कारण शेंगदाणा आहे" असं एका मित्राने सांगितलं तेव्हा मला धक्काच बसला. बारावीच्या परीक्षेत पहिल्यांदा ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका आला होता. आई म्हणाली, रात्री झुरळ चाटलं असेल. आजी म्हणाली, ताप मुतलाय. पुढे नोकरीला पुण्यात आल्यावर वर्षातून चार-पाच वेळा तेच व्हायला लागलं. मग मी इंटरनेटवर वाचलं की हे फोड हर्पिसच्या विषाणूचे, शेंगदाण्यातलं आर्जिनिन त्याला पोसतं आणि लायसिन त्याला अडवतं (दोन्ही प्रथिनांतले घटक). लगेच आठ महिने शेंगा, तीळ, खोबरं, बदाम सगळं सोडलं. लायसिनच्या गोळ्या सुरू केल्या, त्याही चुकीच्या हिशेबाने. त्या धडपडीत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही. गोळ्यांच्या मात्रा इथे आल्या तरी त्या तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत, परस्पर घेण्यासाठी नाहीत.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- एक साधी वही किंवा फोनमधली नोंद
- फोड आल्यावर पहिल्या दिवशी काढलेले दोन-तीन फोटो, उजेडात आणि जवळून
- आधीची प्रिस्क्रिप्शनं आणि रक्ताचे रिपोर्ट असतील तर ते
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि टॉनिकांची यादी (काढे आणि जिमचे डबेसुद्धा)
- ओठाला लावायचा सनस्क्रीन असलेला बाम, एसपीएफ ३० किंवा जास्त
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. नसला तरी चालेल

१. हे हर्पिसच आहे का, ते आधी ठरवा

मराठीत हर्पिस म्हटलं की बहुतेकांना नागीण आठवते. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूने होते, अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि फार दुखते. तिला वेगळे उपचार लागतात आणि ते शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागतात. लायसिनचा हा सगळा खटाटोप नागिणीसाठी नाही.

आपण बोलतोय ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा ओठावर येतो, दुसरा बहुधा जननेंद्रियांवर, पण दोन्ही दोन्हीकडे येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात पहिला प्रकार असतो. म्हणजे लोकलच्या डब्यात तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांपैकी कितीतरी जण. त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही.

गल्लत कुठे होते? गालाच्या आतल्या बाजूला पांढरट व्रण पडतो ते तोंड येणं, हर्पिस नव्हे. जिवणी चिरते तीही वेगळी. तिथे लोह, बी गटातली जीवनसत्त्वं किंवा बुरशी यांचा संबंध असू शकतो. हर्पिसची खूण अशी : आधी काही तास त्याच जागी चुणचुण किंवा जळजळ, मग बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, मग ते फुटून खपली. आणि पुढच्या वेळी पुन्हा जवळपास तीच जागा.

खात्री हवी असेल तर ताज्या फोडातून स्वॅब घेऊन पीसीआर (विषाणू ओळखणारी तपासणी) करतात. पहिल्या एक-दोन दिवसांत गेलात तर तपासणीला अर्थ असतो, खपली धरल्यावर फारसा नाही. इथला सापळा मी स्वतः भोगलाय : एका लॅबमध्ये "हर्पिस आयजीएम" ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली आणि तो कागद हातात घेऊन आठवडाभर झोपलो नाही. आयजीएमवरून नवं की जुनं, पहिला प्रकार की दुसरा, यातलं काहीच भरवशाने कळत नाही. रक्ताची तपासणी करायचीच असेल तर प्रकार वेगळा सांगणारी आयजीजी (दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांची), आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तरच.

२. लायसिन-आर्जिनिनचं प्रकरण थोडक्यात समजून घ्या

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. लायसिन शरीराला तयार करता येत नाही, ते जेवणातूनच यावं लागतं. आर्जिनिन मात्र शरीर स्वतःही बनवतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९६४ साली टँकर्सली या संशोधकाने मानवी पेशींवर प्रयोग करून दाखवलं की हर्पिसच्या विषाणूला वाढायला आर्जिनिन लागतं. लायसिन आणि आर्जिनिन पेशीत एकाच वाहकामार्फत शिरतात, म्हणजे एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला जागा कमी. त्यावरून कल्पना निघाली : लायसिन वाढवा, आर्जिनिन घटवा, विषाणू उपाशी मरेल.

काचेच्या बशीत हे पटतं. माणसात मामला गोंधळाचा आहे. १९७८ साली ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांवर लायसिन वापरून चांगला अनुभव नोंदवला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. १९८४ च्या एका चाचणीत दिवसाला १,२०० मिलिग्रॅम देऊन काहीच फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत १,२४८ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फोड येण्याचं प्रमाण कमी झालं, निम्म्या मात्रेत झालं नाही. १९८७ साली ग्रिफिथ यांनीच दिवसाला ३ ग्रॅम, सहा महिने, असा नीट तुलनात्मक प्रयोग केला आणि त्यात फोड कमी वेळा आले, सौम्यही आले. या चाचण्या लहान होत्या, बऱ्याचशा ओठाच्या हर्पिसवरच्या होत्या. चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याने सगळं एकत्र पाहून सांगितलं की लायसिनमुळे ओठाचे फोड टळतात असा पुरावा नाही. २०१७ च्या आणखी एका आढाव्याचा सूर असा : दिवसाला १ ग्रॅमच्या आत घेऊन उपयोग नाही, ३ ग्रॅमच्या वर घेतल्यास काहींना बरं वाटू शकतं.

म्हणजे "हा रामबाण आहे" म्हणणाराही चूक आणि "हा शुद्ध भंपकपणा" म्हणणाराही घाईचा. स्वतःवर करून पाहण्याइतपत जागा आहे. पण पुढची पायरी सोडून नव्हे.

३. औषधाची सोय खाण्याच्या आधी

माझी सर्वांत मोठी चूक हीच. पथ्य पाळत बसलो आणि औषधाला उशीर केला.

असायक्लोविर आणि व्हॅलासायक्लोविर ही विषाणूची वाढ अडवणारी औषधं आहेत. असायक्लोविरच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. चुणचुण सुरू होताच गोळी पोटात गेली तर फोड लवकर आटोपतो, कधी उठतही नाही. खपली धरल्यावर घेतली तर पैसे गेले. ओठाच्या हर्पिसला व्हॅलासायक्लोविरचा एकाच दिवसाचा कोर्सही असतो, बारा तासांच्या अंतराने दोन मोठ्या मात्रा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलावी लागते, म्हणून हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि गोळ्या घरात ठेवा. रविवारी रात्री चुणचुण सुरू झाल्यावर दवाखाना शोधत फिरायची वेळ येऊ नये. गोळ्यांबरोबर पाणी भरपूर.

वर्षातून बऱ्याच वेळा त्रास होत असेल तर रोज थोड्या मात्रेत घ्यायचा मार्गही आहे. लाजून विचारायचं टाळू नका, विशेषतः जननेंद्रियांचं हर्पिस असेल तर. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जोडप्यांवरच्या अभ्यासात रोजच्या व्हॅलासायक्लोविरमुळे जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. आहाराने असं काही होतं याचा कुठेही आधार नाही. "मी लायसिन घेतो, आता काळजी नाही" असं जोडीदाराला सांगू नका. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येऊ शकतो.

आणि ओठाला काय लावू नये : चुना, टूथपेस्ट, ठेचलेला लसूण, आणि मेडिकलवाल्याने सहज काढून दिलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. ही शेवटची सर्वांत वाईट. स्टेरॉइडने लाली उतरते आणि विषाणूला रान मोकळं मिळतं.

४. दोन महिने फक्त लिहा, काहीही बदलू नका

इथे सगळ्यांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. पण आधीचा आकडाच नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?

रोज एक ओळ पुरे : झोप किती तास, उन्हात किती वेळ, सर्दी-ताप, पाळीची तारीख, दाताचं काम, कामाचा ताण, आणि शेंगदाणा-तीळ-खोबरं-सुकामेवा अंदाजे किती. चुणचुण आली की तारीख आणि वेळ.

ऊन हे सिद्ध झालेलं निमित्त आहे. त्यातली अतिनील किरणं झोपलेला विषाणू उठवतात. ताप, सर्दी, जागरण हीही जुनीच मंडळी. विषाणू राहतो चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कानाच्या पुढे कवटीच्या आत. तिथून तो निमित्त मिळालं की तंतूवरून ओठापर्यंत येतो. चटणी खाल्ली की तो थेट उठतो असं नाही.

माझ्या वहीत दोन महिन्यांत दोन वेळा फोड आले. एकदा पंढरपूरला दिवसभर उन्हात रांगेत उभा होतो त्यानंतर तीन दिवसांनी, दुसऱ्यांदा ऑफिसच्या क्वार्टर एंडच्या, म्हणजे तिमाही हिशेबाच्या आठवड्यात. शेंगा मी रोजच खात होतो. रोज असलेली गोष्ट एखाद्याच दिवसाचं कारण कशी ठरणार, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर आठ महिने वाचले असते.

५. मग ताट बघा : तक्ता अमेरिकेचा, जेवण आपलं

इंटरनेटवरचे तक्ते अक्रोड, चॉकलेट, जिलेटिन यांच्याभोवती फिरतात. आपल्या घरात अक्रोड असतो किती? आपल्याकडे आर्जिनिन येतं ते कुटातून. आमटीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, वर ताटात चटणी. हे अंदाजे आकडे बघा :

- शेंगदाणे ३० ग्रॅम (एक मूठ) : आर्जिनिन ०.९ ग्रॅम, लायसिन ०.३ च्या आत
- तीळ, बदाम : आर्जिनिन लायसिनच्या चौपटीहून जास्त
- सुकं खोबरं : तिपटीहून जास्त, पण आपण खातो थोडं
- दूध २०० मिली : लायसिन ०.५ ग्रॅम, आर्जिनिन त्याच्या निम्म्याहून कमी
- पनीर ५० ग्रॅम : लायसिन ०.७, आर्जिनिन ०.३
- अंडं एक : दोन्ही ०.४ च्या आसपास, लायसिन किंचित जास्त
- मासे, चिकन : दोन्ही भरपूर, लायसिन वरचढ
- डाळी : तुरीत लायसिन थोडं जास्त, मुगात बरोबरी, हरभऱ्यात आर्जिनिन जास्त
- ज्वारी, गहू, तांदूळ : लायसिन कमीच

आता दोन सापळे. पहिला, गुणोत्तराचा. काही तक्त्यांत फळं वरच्या नंबरला दिसतात, कारण त्यांचं गुणोत्तर "चांगलं" असतं. पण सफरचंदात प्रथिनंच नावापुरती. गुणोत्तर कितीही सुंदर असो, पोटात जातं काय? गुणोत्तर नव्हे, ग्रॅम बघा.

दुसरा जास्त घातक. आर्जिनिनच्या भीतीने लोक डाळी, कडधान्यं, दाणे सगळं बंद करतात आणि भात-बटाट्यावर येतात. शाकाहारी माणसाचं लायसिन मुख्यतः डाळी आणि दुधातून येतं, तेच गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ३० मिलिग्रॅम लायसिन लागतं. ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम. नुसत्या भाकरी-चटणीवर ते भरत नाही. भाकरीबरोबर दाट वरण, वाटीभर दही आणि एक ग्लास दूध असेल तर भरतं. वरणभात हा काही उगाच नैवेद्यात आलेला नाही.

माझा सल्ला : काढण्यापेक्षा घाला. पहिला महिना फक्त लायसिनची बाजू वाढवा. दोन्ही जेवणांत दही किंवा दाट ताक, आमटीऐवजी घट्ट वरण, खात असाल तर अंडी किंवा बांगडा. कूट निम्म्यावर आणा, शून्यावर नको. दोन चमचे कुटातून जेमतेम अर्धा ग्रॅम आर्जिनिन येतं. दिवसभराच्या जेवणातून कित्येक ग्रॅम येतच असतं आणि वर शरीर स्वतःचं बनवतं. चटणीचा डबा घराबाहेर काढून विषाणू उपाशी मरत नाही. शिवाय आर्जिनिन जखम भरायला लागतं, ते काही शत्रू नव्हे.

एका वेळी एकच बदल. हे दहा वेळा लिहिलं तरी कमीच.

६. उपवास आणि संक्रांत

नवरात्रात माझ्याकडे हमखास फोड यायचे आणि मी साबुदाण्याच्या खिचडीला दोष द्यायचो. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नसतं, म्हणजे त्या ताटातलं प्रथिन जवळजवळ सगळं शेंगदाण्याचं. कागदावर गुणोत्तर एकदम वाकडं. पण त्याच नऊ दिवसांत जागरणंही असतात, ऑक्टोबरचं ऊनही असतं, पोटही अर्धं असतं. कुणाला पकडणार?

भांडणात पडण्यापेक्षा फराळ बदला. राजगिऱ्याची लाही दुधात, दही, ताक, वरईच्या भाताबरोबर दाण्याच्या आमटीऐवजी दह्याची कढी. राजगिऱ्यात इतर धान्यांच्या मानाने लायसिन बरं असतं. खिचडी एखाद्या दिवशी खा.

संक्रांतीचं तसंच. तिळगुळाचे दोन लाडू खाल्ल्याने काही बिघडत नाही. जानेवारीत थंडी-सर्दी असते, ओठ फुटलेले असतात, आणि नाव तिळाचं होतं.

७. लायसिनची गोळी घ्यायचीच असेल तर

डब्यावर बहुधा "एल-लायसिन हायड्रोक्लोराइड" असतं. त्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के लायसिन असतं. म्हणजे १,००० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लायसिन ८०० च्या आसपास. मी दिवसाला एक ५०० ची गोळी घेत होतो, म्हणजे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ज्या मात्रेत कुठल्याच चाचणीत काही दिसलं नाही त्याहूनही कमी. चार महिन्यांचे पैसे पाण्यात.

घेण्याआधी हे बघा : डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, एका गोळीतली नेमकी मात्रा, आणि सोबत काय मिसळलंय. जस्त आणि जीवनसत्त्वांचं कडबोळं असेल तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चाचण्यांत वापरलेली मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम, भागून, सहा महिन्यांपर्यंत होती. जास्त घेतल्यास मळमळ, पोटदुखी, जुलाब होऊ शकतात.

मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील (लायसिनमुळे कॅल्शियम जास्त शोषलं जातं), तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. लहान मुलांना तर नाहीच.

८. लपलेलं आर्जिनिन

जिमला जात असाल तर प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा डबा उलटून वाचा. त्यात एल-आर्जिनिन किंवा सिट्रुलिन ग्रॅमच्या मापात असतं, आणि सिट्रुलिनचं शरीरात आर्जिनिनच होतं. शेंगाचटणीवर बंदी आणि सकाळी हा डबा, अशी माझ्या एका सहकाऱ्याची तऱ्हा होती. साधी व्हे पावडर मात्र दुधाचीच, तिच्यात लायसिन वरचढ.

दुसरी जागा नाजूक आहे. आपल्याकडे गरोदरपणात बाळाची वाढ किंवा गर्भजल कमी असल्यास काही डॉक्टर आर्जिनिनची पुडी देतात. हर्पिसच्या भीतीने ती परस्पर बंद करू नका. पण आपल्याला किंवा नवऱ्याला हर्पिस आहे हे डॉक्टरांना नक्की सांगा. शेवटच्या तीन महिन्यांत जननेंद्रियांवर पहिल्यांदाच फोड आले तर त्याच दिवशी गाठा. प्रसूतीत बाळाला लागण होऊ शकते आणि ती गंभीर असते.

९. इथे आहाराची चर्चा बंद, थेट डॉक्टर

- डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही
- दोन आठवड्यांत फोड भरला नाही
- केमोथेरपी, स्टेरॉइडच्या गोळ्या, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण यांपैकी काही आहे
- एक्झिमा असलेल्या त्वचेवर फोड पसरतायत
- तापाबरोबर डोकं प्रचंड दुखतंय, बोलण्यात गोंधळ होतोय

ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा घ्यायचा नाही. बारशाला गेलात तर "सर्दी आहे" म्हणून लांब उभे राहा, कुणी रागावत नाही.

१०. सहा महिन्यांनी हिशेब

सुरुवातीचे दोन महिने आणि नंतरचे सहा महिने शेजारी ठेवा : फोड किती वेळा, किती दिवस, किती मोठे. हर्पिस वर्षं सरतात तसं बऱ्याच जणांत आपोआपही विरळ होतं, म्हणून एखादा महिना कोरा गेला की पेढे वाटू नका. लायसिनने फरक दिसत नसेल तर तीन महिने बंद ठेवून पुन्हा बघा, आणि तरीही नसेल तर त्या पैशाचं दही आणा.

माझी वही सांगते : चटणी बंद असताना आठ महिन्यांत तीन वेळा, चटणी परत सुरू करून ओठाला बाम आणि सात तास झोप असं केल्यावर वर्षभरात दोनदा. या शेवटच्या दोन्ही वेळा गोळी चुणचुण येताच घेतली होती. एका माणसाचा हिशेब आहे, तुमचा वेगळा निघू शकतो. गेल्या मे महिन्यात सोलापूरला गेलो तेव्हा आईने अर्धा किलो चटणी बांधून दिली आणि वर विचारलं, "झुरळाचा बंदोबस्त केलास का खोलीत?"